मुख्य चित्रांचा कारागीर : योशिफुमी कोंदो

फिल्मच्या एका सेकंदात २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला १४४०. जपानी टीव्ही मालिकांनी यावर काटकसरीचा तोडगा काढला. एकच चित्र तीन चौकटी टिकवायचे. तरीही पात्र सतत हलते ठेवायचे तर मिनिटाला ४८० चित्रे लागतातच. (कॉमर्सला असल्याचा एवढा तरी उपयोग!) यांतली हालचालीची मुख्य चित्रे काढतो तो 'की ॲनिमेटर', मधली चित्रे इतर जण भरतात. योशिफुमी कोंदो या कामातले नामांकित कारागीर.

निइगाता प्रांतातील गोसेन येथे ३१ मार्च १९५० रोजी त्यांचा जन्म झाला. १९६८ मध्ये ते टोकियोला आले आणि त्याच वर्षी 'ए प्रॉडक्शन' या स्टुडिओत लागले. बेसबॉलवरची एक मालिका, मग १९७१ ची 'ल्युपाँ तिसरा', अशी उमेदवारी चालली होती.

खरी कसोटी लागली १९७९ मध्ये. कॅनडाच्या लेखिका माँटगोमेरी यांच्या 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'वर इसाओ ताकाहाता यांनी पन्नास भागांची मालिका केली. दर आठवड्याला एक भाग! पात्रांचे रूप ठरवणे आणि सगळ्यांची चित्रे तपासून दुरुस्त करणे कोंदोंकडे होते. ॲन ही अनाथ, हडकुळी, लाल केसांची, गालांवर ठिपके असलेली पोर. पुढे तिची देखणी तरुणी व्हायची होती. म्हणजे चेहरा भागागणिक वाढला पाहिजे आणि तरी तो तिचाच राहिला पाहिजे, तोही निरनिराळ्या हातांनी काढलेला. खतावणीच्या समासात चेहरे काढण्याची मला खोड आहे. माझा एकही चेहरा दुसऱ्यांदा तसाच उतरत नाही. ही मालिका मी पाहिली तेव्हा जपानीचा एक शब्द कळत नव्हता, पण ॲन कधी रुसली आणि कधी नुसतीच थकली, हे चुकले नाही. त्यांचे पुढचे गाजलेले चित्रपटही मला यापुढे दुय्यम वाटतात.

ही मालिका निप्पॉन ॲनिमेशनची. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर आलेला 'मोगली' याच कंपनीचा. त्यात मात्र कोंदो नव्हते.

१९८७ मध्ये ते स्टुडिओ जिब्लीत आले. तिथे ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' आणि हायाओ मियाझाकींचा 'तोतोरो' एकाच वेळी तयार होत होते आणि दोघांनाही कोंदोच हवे होते! ते ताकाहातांकडे गेले. दोन्ही चित्रपट १९८८ मध्ये आले. १९९५ मध्ये कोंदोंनी स्वतः 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' दिग्दर्शित केला. पुढे त्या दोघांची गादी हेच चालवणार, असे मानले जाऊ लागले.

२१ जानेवारी १९९८ रोजी महाधमनी फाटून त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ४७. दिग्दर्शक म्हणून तो एकच चित्रपट राहिला. रस्त्यावरची माणसे, विशेषतः पोरे, टिपण्याची त्यांना सवय होती. त्या चित्रांचा संग्रह त्याच वर्षी निघाला.