कडेवरचे भावंड

रमजानच्या महिन्यात घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर निजते. सहेरीची चूल, दिवसभराचा रोजा, असरच्या नमाजनंतर इफ्तारची धावपळ. त्यातच अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची औषधे आणि तान्ह्याचे रडणे. पालघर असो की बोईसर-तारापूरच्या कामगार वस्त्या, हे चित्र घरोघरी आहे. शरीयतने आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजातून सवलत दिली, तशीच गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही दिली. जी दुसऱ्या जिवाला सांभाळते, तिच्या अंगात त्राण उरले पाहिजे, हा विचार त्यामागे आहे. समाज हा विचार किती करतो, हा प्रश्न वेगळा. याच जिल्ह्यात तो ज्यांनी मनापासून केला, त्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचे नाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या सुधारकी वळणाचे. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी होती. आज अशा बाईला लोक काय काय बोलतात, ते पाहिले की शंभर वर्षांपूर्वी काय बोलले असतील याची कल्पना येते. ताराबाईंनी राजकोटला स्त्री-शिक्षिका घडवणाऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. नोकरी आणि मूल एकटीने ओढणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करू लागल्या. माँटेसरींच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. तिथेच त्या थांबल्या असत्या, तर शहरातल्या एका उत्तम बालशाळेच्या संस्थापक म्हणून त्यांचे नाव राहिले असते. पण खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, पुढे हट्टाने शिकलेल्या. महागडी साधने खेड्यात कोण आणणार? शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना तिथली.

खरी परीक्षा पुढे होती. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर हलले. भोवती वारल्यांचे पाडे. आई-बाप उजाडताच भातशेतीवर नाहीतर गवत कापायला जात. मागे झोपडीत राही ती सात-आठ वर्षांची थोरली आणि तिच्या कडेवर धाकटे. त्याला भरवायचे, झोपवायचे, पडू द्यायचे नाही. अशी मुलगी शाळेत यायची कशी? आई-बापांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते, आणि तसे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. ताराबाईंनी दोष दिला नाही. त्यांनी पाहिले की भावंड सांभाळणारी ही पोर स्वतःच एक मूल आहे, आणि तिच्या कडेवरचा भार कुणीतरी घेतल्याशिवाय तिच्या हातात पाटी येणार नाही.

मग भावंडालाही घेऊन ये, असे तिला सांगण्यात आले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आल्या. या रचनेला विकासवाडी म्हणत. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. घर मोडायचे नाही, भावंडाची माया तोडायची नाही, फक्त काही तास तिचे हात मोकळे करायचे. ताराबाईंच्या पदव्या आणि १९६२ चे पद्मभूषण यांपेक्षा हा पाळणा मोठा मानावा लागेल.

गुरे राखणाऱ्या पोरांची अडचणही तशीच होती. गुरे सोडून ती येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये डोळे मिटेपर्यंत चालवले.

तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. भातशेतीच्या जोडीला तारापूरचे कारखाने आले, आयांच्या हाती खुरप्याऐवजी पाळीचे कार्ड आले. अंगणवाडी काही तासांची असते, कारखान्याची पाळी त्याहून लांब. उरलेल्या वेळात धाकटे पुन्हा थोरलीच्याच कडेवर. रमजानच्या दिवसांत बोईसरच्या एखाद्या चाळीत संध्याकाळी डोकावले, तर आई इफ्तारच्या तयारीत आणि थोरली दारात बाळाला जोजवत उभी दिसेल. तिची वही आत उघडीच पडलेली असते.