हाफकिन

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एका भयंकर रोगाने डोके वर काढले. रोग्यास प्रथम कडक ताप येई, मग काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि थोड्याच दिवसांत तो दगावे. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. तो प्लेग होता. पाहता पाहता शहरात हाहाकार उडाला. घरांना कुलपे घालून लोक मुलाबाळांसह गाव सोडून निघाले.

अशा वेळी सरकारने कलकत्त्याहून वॉल्डेमार हाफकिन यांना मुंबईस बोलावून घेतले. हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसा शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम मिळाली ती जागा ग्रंथपालाच्या मदतनिसाची! परंतु पुस्तके लावून झाली, की ते प्रयोगशाळेत जाऊन बसत. तेथेच त्यांनी पटकीवरील लस तयार केली, १८९२ साली ती स्वतःस टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहानशी खोली, तिच्याबाहेरचा व्हरांडा, एक कारकून व तीन शिपाई एवढेच साहाय्य मिळाले. मांसाच्या रसात तुपाचे थेंब सोडून त्यात त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले. तुपाच्या थेंबांखाली जंतूंचे पुंजके वडाच्या पारंब्यांप्रमाणे लोंबत. मग उष्णता देऊन ते जंतू मारावयाचे आणि त्यांचीच लस करावयाची. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही. परंतु शरीर त्याची ओळख लक्षात ठेवते, आणि पुढे जिवंत जंतू शिरलाच तर त्याच्याशी झुंजण्यास सज्ज असते.

प्राण्यांवर लस उपयोगी पडली. माणसांवर पडेल काय? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःच टोचून घेतली, आणि तीही तब्बल १० घन सेंटिमीटर. अंगात ताप भरला, टोचलेली जागा ठणकू लागली. पण काही दिवसांत ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांच्यात रोग अधिक पसरला.

तरीही लोक बिचकत. नाना अफवा उठत. तेव्हा आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. पुण्यात मात्र त्या वर्षी प्लेगने थैमान घातले. रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले यांना त्याची लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या मृत्यू पावल्या.

या लशीस एक मर्यादा होती. गाठीच्या प्लेगपासून ती पुष्कळांना वाचवी. परंतु रोग्याच्या खोकल्यातून उडालेले जंतू श्वासावाटे थेट फुप्फुसात शिरले, तर तिचा फारसा उपाय चालत नसे. दंडात टोचलेल्या लशीचे रक्षक मुख्यतः रक्तात फिरतात. फुप्फुसाच्या ओलसर अस्तरावर ते कमी असतात. म्हणूनच आता शास्त्रज्ञ नाकातून द्यावयाच्या लशींकडे वळले आहेत. अशा लशीमुळे संरक्षक पेशी नाकाच्या व फुप्फुसाच्या अस्तरातच ठाण मांडतात आणि जंतू दाराशी येताच त्यास अडवितात. जंतूंमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगांवर प्राण्यांमध्ये असे प्रयोग झाले आहेत. पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली नाकात फवारण्याची लस आणली. ती मात्र स्वाइन फ्लूच्या विषाणूवरची होती.

हाफकिन यांच्या प्रयोगशाळेस १८९९ साली परळ येथील गव्हर्नरचे जुने निवासस्थान मिळाले. तेथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. आणि मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी अनेकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीचा ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना काम सोडावे लागले. ते वैद्य नव्हते, प्राणिशास्त्राचे पदवीधर होते, हेही काहींच्या डोळ्यांत सलत होतेच. वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात! बाटली उघडली तेव्हा लशीस दुर्गंधी नव्हती, म्हणजे ती परळहून दूषित होऊन आली नव्हती. एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास पाच वर्षे लागली. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रात पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे १९०७ साली ते दोषमुक्त झाले.

ते हिंदुस्थानात परत आले. परंतु परळची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. कलकत्त्यास काही वर्षे काम करून १९१५ साली त्यांनी हा देश सोडला. १९२५ साली परळच्या त्या संस्थेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.