कंसाचे शिर आणि फाळक्यांची जादू

कलाभवनाच्या वास्तूवरून जाण्याचा योग आला की मला दादासाहेब फाळक्यांची आठवण होते. आज तेथे विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण हे सारे हात या त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्याच्या मुलाने बडोद्यात पक्के केले. तेव्हा बडोदेकरांनी त्यांच्यावर थोडासा हक्क सांगितला, तर तो अनाठायी म्हणू नये.

धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी जन्मले. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला; तेथे प्लेगने पत्नी आणि मूल नेले. पुढे छापखाना झाला, भागीदारांशी बिनसले. मध्यंतरी ते जादूचे प्रयोगही करीत आणि आडनाव उलटे फिरवून प्रोफेसर केळफा म्हणून मिरवीत. १९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. कुंडीतले वाटाण्याचे रोप रोज थोडे थोडे टिपून त्यांनी अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली, तेव्हा कुठे भांडवल मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते त्या जादूविषयी.

पुष्कळ दिवस माझी समजूत होती की फाळक्यांचे चमत्कार म्हणजे भोळ्या प्रेक्षकांना थक्क करण्याची युक्ती. कॅमेरा मध्येच थांबवायचा, माणूस बाजूला करायचा, पुन्हा फिरवायचा; किंवा एकाच फितीवर दोनदा चित्र घ्यायचे. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) मधले उरलेसुरले तुकडे पाहिले आणि ती समजूत मी सोडली. तेथे कंसाचे शिर धडावेगळे होऊन वर जाते आणि पुन्हा मानेवर येऊन बसते. त्याला जिकडे तिकडे कृष्ण दिसू लागतो. शिर उडते ते पाहून हसू येते खरे, पण क्षणभरच. मग ध्यानात येते की हा चमत्कार देवाचा नाही, पापी माणसाच्या मनाचा आहे. कृष्ण अजून तान्हा आहे, त्याने कंसाला बोटही लावलेले नाही. मूकपटात कंसाला आपले भय बोलून दाखवता येत नव्हते. नाटकातला कंस लांब स्वगत म्हणेल. फाळक्यांनी ते स्वगत डोळ्यांना दाखवले.

'कालियामर्दन' (१९१९) मध्ये तर त्यांनी आधीच पत्ते उघडे टाकले आहेत. आरंभी त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी निरनिराळे चेहरे करून दाखवते: राग, रुसवा, आनंद. हीच पोर आता कृष्ण होणार, हे प्रेक्षकाने पाहून ठेवायचे! एवढे सांगूनही पुढे डोहात नाग फणा काढतो तेव्हा आपण तिला विसरतो. फाळके पाण्याखालची झुंज दाखवतात, लगेच काठावरचा यशोदेचा आकांत दाखवतात आणि पुन्हा डोहात नेतात. त्या ये-जा करण्याने कृष्ण एकाच वेळी नागाचा काळ आणि आईचे लेकरू होतो. शेवटी नागपत्न्या पदर पसरतात आणि कृष्ण कालियाला जीवदान देतो. ज्याला मारणे शक्य होते त्याला सोडले, हे दिसावे म्हणून आधीची झुंज इतकी खरी हवी होती.

'हरिश्चंद्रा'तही देव प्रकटतो तो तलवार उगारल्यावर. राजा कसोटीला उतरल्याखेरीज फाळके त्याला पडद्यावर येऊ देत नाहीत.

बोलपट आले आणि त्यांचा काळ सरला. १९३७ सालचा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. तो कोल्हापूरला झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. त्यांच्या मूकपटांपैकी फारच थोडी फीत आज शिल्लक आहे. 'लंकादहना'त अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या होत्या, म्हणे; एकाच चेहऱ्याने ते दोघे कसे दिसले असतील, हे पाहायला मिळाले असते तर मी नाशिकपर्यंत पायी गेलो असतो.