संगणक न पाहिलेली पहिली प्रोग्रामर : एडा लव्हलेस

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुलांना संगणक शिकवायचा म्हटलं की आपण माऊस, कीबोर्ड आणि पेंटपासून सुरुवात करतो. तेही शिकवायलाच हवं. पण जगातील पहिली प्रोग्रामर म्हणून जिचं नाव घेतलं जातं, तिने आजच्यासारखा संगणक कधी पाहिलाच नव्हता. मग ती शिकली तरी काय? हे आपण समजून घ्यायला हवं.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील प्रसिद्ध इंग्रज कवी लॉर्ड बायरन. एडा महिन्याभराची असतानाच आईवडील वेगळे झाले. आईला गणिताची आवड होती. मुलगी वडिलांसारखी कल्पनेत रमू नये म्हणून तिने एडाला लहानपणापासून गणित शिकवलं. तरी कल्पना काही थांबल्या नाहीत! बारा वर्षांची असताना एडाला उडायचं होतं. पक्ष्यांचे पंख बघून स्वतःसाठी पंख किती मोठे हवेत, कशाचे हवेत, याचा ती विचार करायची. १८२९ मध्ये गोवर झाला आणि ती बराच काळ अंथरुणाला खिळली. पुढे कुबड्या घेऊन चालू लागली, पण अभ्यास सोडला नाही.

१८३३ मध्ये तिची चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाशी ओळख झाली. त्यांनी बनवलेला गणनयंत्राचा भाग पाहून ती भारावून गेली. पुढे बॅबेज यांनी त्याहून मोठ्या यंत्राचा आराखडा केला. भोकं पाडलेल्या कार्डांवरून सूचना घेऊन ते गणितं सोडवणार होतं.

१८३५ मध्ये लग्न झालं, तीन मुलं झाली, तरी एडा शिकतच राहिल्या. ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाकडे त्यांनी पत्रांतून धडे घेतले. हे डी मॉर्गन जन्मले आपल्या भारतात, मदुराईला!

१८४३ मध्ये एडा यांनी या यंत्रावरचा एक फ्रेंच लेख इंग्रजीत आणला आणि त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट झाल्या! शेवटच्या टिपेत एक अवघड गणित यंत्राने कसं सोडवायचं, ते पायरी-पायरीने तक्त्यात मांडलं होतं. आधी कोणती क्रिया, कोणती संख्या कुठे ठेवायची, कोणत्या पायऱ्या पुन्हा करायच्या, सगळं. नियम सांगता आले तर यंत्र संगीतही रचू शकेल, हेही त्यांनी ओळखलं. पण यंत्र स्वतःहून काही सुचवत नाही, आपण सांगू तेवढंच करतं, हेही त्यांनी बजावलं.

२७ नोव्हेंबर १८५२ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय अवघं ३६. ते यंत्र कधीच पूर्ण झालं नाही. मागे राहिली ती त्यांची विचार करण्याची पद्धत.

शाळेत संगणक एक आणि मुलं चाळीस असतील, लाईट गेली असेल, तरी ही पद्धत शिकवता येते. एका मुलाला यंत्र बनवा. दारापासून फळ्यापर्यंत जायच्या सूचना बाकीच्यांनी कागदावर लिहायच्या : तीन पावलं पुढे, उजवीकडे वळ. यंत्र बाकाला धडकलं तर कोणती पायरी चुकली, ते मुलांनीच शोधायचं.

पालकहो, घरी मुलांकडून लिंबू सरबताची कृती लिहून घ्या आणि अगदी तशीच करा. ढवळायचं लिहायला ते विसरले असतील, तर सरबत तसंच त्यांच्या हातात द्या. पहिला घोट घेताच कागद-पेन्सिल ते स्वतःच मागतील.