जेम्स डीनची अखेरची मोटार

हॉलिवूडचा अभिनेता जेम्स डीन (१९३१-१९५५) याला अभिनयाइतकेच शर्यतींचे वेड होते. मार्च १९५५ मध्ये पोर्शे स्पीडस्टर घेऊन तो पाम स्प्रिंग्जच्या शर्यतीत उतरला. मे महिन्यात सांता बार्बरा येथे तिच्या पिस्टनने दगा दिला. ‘जायंट’चे चित्रीकरण संपेपर्यंत स्टुडिओने त्याला शर्यतबंदी केली होती. ती सरत आली तेव्हा, सप्टेंबरमध्ये, स्पीडस्टर देऊन त्याने पोर्शे ५५० स्पायडर घेतली. स्पीडस्टर रोजच्या रस्त्यावरही चाले. ही मात्र शर्यतीसाठीच घडविलेली, जेमतेम साडेपाचशे किलोची. उडी मोठीच होती. सॅलिनासच्या शर्यतीला ती ट्रेलरवरून न्यावयाची होती. पण नवे इंजिन रुळावे, आपलाही हात बसावा म्हणून ३० सप्टेंबरला तो स्वतःच ती चालवीत निघाला. संध्याकाळी एका तिठ्यावर वळणारी फोर्ड मोटार आडवी आली. चोवीस वर्षांच्या डीनचा त्या अपघातात अंत झाला. प्रमुख भूमिकेतील त्याचा एकच चित्रपट तोवर प्रदर्शित झाला होता.