एक ‘अलबेला’ तुफान चालला आणि भगवानदादांच्या डायरेक्शनचं गणितच बिघडलं

गणपतीची मिरवणूक गिरगावातली असो, नाहीतर बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या नांदूरघाटची. बँजो किंवा डीजे सुरू झाला की घोळक्यात एक तरी गडी असा निघतो, ज्याला नाचता येत नाही पण गप्पही उभं राहवत नाही. मग तो काय करतो? दोन्ही हात कोपरात वाकवून हलवतो, गुडघ्यात जरासा बसतो, खांदे मागंपुढं करतो आणि पाय जागच्या जागी सरकवत राहतो. ही स्टेप त्याला कुणी शिकवलेली नसते. पण ती आली कुठून म्हणून विचारलं तर बोट एकाच माणसाकडं जातं. भगवानदादा.

हा झाला सगळ्यांच्या ओळखीचा माणूस. अमिताभच्या नाचातही तो दिसतो, गोविंदाच्या नाचातही दिसतो. पण भगवानदादा नुसते नाचणारे कॉमेडियन नव्हते. त्यांनी कितीतरी सिनेमे स्वतः डायरेक्ट केले, स्वतःच्या पैशानं काढले, स्टुडिओ उभा केला. आणि या डायरेक्शननंच त्यांना जुहूच्या बंगल्यातून दादरच्या चाळीत आणून सोडलं.

अॅक्टरनं डायरेक्शन केलं आणि सिनेमा आपटला, असा विषय निघाला की दोन नावं ठरलेली असतात. राज कपूरचा ‘मेरा नाम जोकर’ आणि गुरुदत्तचा ‘कागज के फूल’. पण हे दोन्ही सिनेमे पडून पुढं क्लासिक झाले. आज लोक त्यांचं नाव आदरानं घेतात. भगवानदादांना बुडवणाऱ्या सिनेमांच्या नशिबी तेही आलं नाही. त्यांची नावंही आज फारशी कुणाला आठवत नाहीत. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगायला पाहिजे.

पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. वडील कापड गिरणीत कामगार. पोरगं मुंबईत दादर-परळच्या गिरणगावात वाढलं. शिक्षणाच्या नावानं बोंब, अंगमेहनतीची कामं केली, कुस्तीचा नाद लागला आणि त्याहून मोठा नाद लागला सिनेमाचा. तेव्हा सिनेमा मुका होता आणि मास्टर विठ्ठल हे स्टंटपटांचे स्टार होते. तलवारबाजी, उड्या, मारामाऱ्या. गिरणगावातली पोरं त्यांच्यावर फिदा होती, त्यातलंच हे एक पोरगं.

मुकपटाच्या शेवटच्या काळात ‘बेवफा आशिक’मधून भगवान पडद्यावर आले. हिरोचा चेहरा नाही, उंची नाही. पण अंगात रग होती, आणि सेटवर जे दिसेल ते शिकून घ्यायची सवय होती. कॅमेरा कुठं लागतो, फाईट कशी बसवतात, दिवसाला किती खर्च होतो, हे सगळं त्यांनी काम करता करता उचललं. १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्या जोडीनं ‘बहादूर किसान’ डायरेक्ट केला आणि तिथून गाडी सुटली.

पुढची दहा-बारा वर्षं भगवान स्टंटपट काढत राहिले. बजेट किती, तर पासष्ट हजारांच्या आसपास सगळा सिनेमा उरकायचा, असं सांगतात. मग कपडे कोणते घालायचे ते हेच ठरवणार, युनिटच्या जेवणाची व्यवस्था हेच बघणार, फाईट हेच बसवणार, पडद्यावर भोळ्या हिरोचं कामही हेच करणार. मोठे समीक्षक या सिनेमांकडं ढुंकून बघत नव्हते. बघत होता तो पाळी संपवून आलेला कामगार. त्याला कथेची खोली नको होती, दोन तास करमणूक पाहिजे होती. खर्च कमी, प्रेक्षक ठरलेला, त्यामुळं एखादा सिनेमा पडला तरी घर बुडायचं नाही. दादांच्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणं अर्थकारण ते याच काळातलं, असं आमचं मत आहे.

याच काळात त्यांनी मद्रासकडं जाऊन १९४१ मध्ये ‘वनमोहिनी’ नावाचा तमिळ सिनेमाही डायरेक्ट केला. गिरणगावातला मराठी माणूस तमिळमध्ये टारझन छापाचा जंगलपट काढतो, ही गोष्ट आजही विचित्रच वाटते. त्या सिनेमाला संगीत देणारा पोरगाही मराठीच होता. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे पुढचे सी. रामचंद्र. १९४२ च्या ‘सुखी जीवन’मधून भगवान यांनीच त्यांना हिंदीत आणलं. ही दोस्ती पुढं शेवटपर्यंत टिकली.

१९४२ सालच्याच एका घटनेचा डाग मात्र त्यांच्या नावावर राहिला. शूटिंगमध्ये सीन होता थोबाडीत मारायचा. समोर होत्या ललिता पवार, तेव्हाच्या चलती असलेल्या हिरोईन. पैलवानाचा हात, तो जरा जास्तच जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू अधू झाली, डाव्या डोळ्याला इजा झाली, काही वर्षं उपचार चालले आणि डोळा कायमचा बारीक राहिला. हिरोईनचं करिअर तिथंच संपलं. पुढं त्याच बारीक डोळ्यानं त्यांनी खाष्ट सासू अशी काही रंगवली की सगळा देश त्यांना घाबरायला लागला. हा पराक्रम ललिताबाईंचा. त्यांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई त्यानं होत नाही.

१९४२ मध्येच दादा निर्माते झाले, कंपनीचं नाव जागृती पिक्चर्स. १९४७ मध्ये चेंबूरला जागा घेऊन जागृती स्टुडिओ उभारला. पुढच्याच वर्षी चेंबूरमध्येच राज कपूरनं आर. के. सुरू केलं. म्हणजे दोघंही अॅक्टर, दोघंही डायरेक्टर आणि दोघांचं बस्तान एकाच भागात. असं सांगतात की, स्टंटपट किती दिवस काढणार, आता एखादा सामाजिक सिनेमा काढा, हा सल्ला दादांना राज कपूरनंच दिला.

दादांनी तो मनावर घेतला आणि १९५१ मध्ये आला ‘अलबेला’.

हिरो कोण? स्वतः दादा. वय अडतिसाच्या घरात, बुटका, गोल चेहरा. हिरोईन कोण? गीता बाली. लोकांनी नाकं मुरडली असती तर नवल नव्हतं, पण दादांनी कथाच आपल्या मापाची घेतली होती. गरीब घरातला प्यारेलाल, ज्याला नाटकाचं वेड आहे. घरच्यांच्या लेखी तो बिनकामाचा. तो घर सोडतो, स्टेजवर नाव कमावतो, घरी पैसे पाठवत राहतो आणि ते पैसे मधल्या मधे बहिणीचा नवरा गिळतो. परळच्या चाळीत राहून गावाकडं मनीऑर्डर करणाऱ्या माणसाला यातलं काय परकं वाटणार होतं?

बाकीचं काम सी. रामचंद्र आणि गीतकार राजेंद्र कृष्ण यांनी केलं. लताबाईंच्या आवाजातली अंगाई घराघरात गेली. दादांसाठी स्वतः सी. रामचंद्र चितळकर या नावानं गायले. आणि नाचाच्या गाण्यांत दादा जे हलले, ते लोकांना का आवडलं याचं उत्तर सोपं आहे. ते कुणालाही जमण्यासारखं होतं. पडद्यावरचा हिरो आपल्यासारखा नाचतो, हे प्रेक्षकानं पहिल्यांदाच बघितलं.

त्या वर्षी राज कपूरचा ‘आवारा’ आला, देव आनंदचा ‘बाजी’ आला आणि कमाईत त्यांच्या पाठोपाठ ‘अलबेला’चं नाव घेतलं गेलं. जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला आणि दारात सात गाड्या, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक, हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. दादांचं ऐश्वर्य ते हेच.

इथून पुढं जे झालं, त्यात दारूचं किंवा जुगाराचं नाव घ्यायची गरजच पडत नाही. नुसते सिनेमे पुरेसे आहेत.

दोन वर्षांनी, १९५३ मध्ये, दादांनी ‘झमेला’ काढला. हिरो तेच, हिरोईन गीता बाली, संगीत सी. रामचंद्र. नावसुद्धा यमक जुळवून घेतलेलं. हिशोब सरळ होता की जे एकदा चाललं ते परत चालेल. चाललं नाही. पहिल्या वेळी लोकांना जो धक्का बसला होता, तो दुसऱ्यांदा बसणार नव्हता. गाणी बरी असून भागत नाही, प्यारेलालसारखी गोष्टही लागते.

मध्ये १९५६ साली ‘भागम भाग’ आला. यात दादांनी शहाणपणा केला, सगळा भार स्वतःवर न ठेवता किशोर कुमारला सोबत घेतलं, संगीत ओ. पी. नय्यरचं घेतलं. हा सिनेमा बऱ्यापैकी चालला. (अक्षय आणि गोविंदाचा ‘भागम भाग’ हा नाही, तो पन्नास वर्षांनी आला.) दुसऱ्यांच्या सिनेमातही ते दिसत होते, शांतारामबापूंचा ‘झनक झनक पायल बाजे’, राज-नर्गिसचा ‘चोरी चोरी’. तिथं ते फक्त अॅक्टर होते, त्यामुळं सिनेमा पडो वा चालो, त्यांचा बंगला सुरक्षित होता.

पण डायरेक्शनची ओढ काही सुटली नाही. ‘हंसते रहना’ या सिनेमात दादांनी आपली साठवलेली पुंजी ओतली. हिरो किशोर कुमार. किशोरच्या सेटवरच्या लहरीपणामुळं काम रखडलं आणि सिनेमा अर्ध्यात बंद पडला, असं सांगितलं जातं. पडलेल्या सिनेमाचे निदान चार पैसे तरी परत येतात. अर्धवट राहिलेल्या सिनेमाचा दमडाही येत नाही, व्याज मात्र चालू राहतं.

आज एखाद्या अॅक्टरनं डायरेक्ट केलेला सिनेमा आपटला तर कॉर्पोरेट कंपनीचा तोटा होतो, टीव्ही आणि ओटीटीच्या हक्कांतून थोडीफार वसुली होते. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. सिनेमाला उद्योगाचा दर्जाच १९९८ मध्ये मिळाला, त्याआधी बँक निर्मात्याला दारात उभं करत नव्हती. पैसा सावकाराचा, नाहीतर डिस्ट्रिब्युटरनं आगाऊ दिलेला. तारण काय? घर, गाडी, स्टुडिओ. थिएटरात जे येईल तेवढंच. त्यात दादांच्या बाबतीत हिरो, डायरेक्टर आणि निर्माता तिन्ही एकच माणूस. हिरो चुकला तर डायरेक्टरनं सांगायचं, डायरेक्टर वाहवला तर निर्मात्यानं ब्रेक लावायचा, ही सोयच नव्हती.

राज कपूरचंही तसंच होतं की, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, ‘जोकर’नं १९७० मध्ये तोही गळ्यापर्यंत बुडाला होता. पण त्यानं पुढच्या सिनेमात हिरो बदलला. १९७३ च्या ‘बॉबी’त विशीतला पोरगा आणला, स्वतः कॅमेऱ्यामागं राहिला आणि सगळं वसूल केलं. दादांनी १९६६ मध्ये काय केलं? ‘लाबेला’ काढला. नावातली अक्षरं इकडची तिकडं करून पुन्हा तोच डाव. तेव्हा दादा त्रेपन्नच्या आसपास होते. गीता बाली आदल्या वर्षी, जानेवारी १९६५ मध्ये गेल्या होत्या. सी. रामचंद्र यांचा बहराचा काळ सरला होता. थिएटरात शम्मी कपूर नाचत होता. पंधरा वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर लोक तिकीट काढतील, हा अंदाज साफ चुकला.

स्टुडिओ गेला. गाड्या एकेक करून गेल्या. बंगलाही गेला. दादा दादरच्या चाळीत राहायला आले, म्हणजे जिथून निघाले होते त्याच भागात.

जुहूच्या बंगल्यावर उठबस असणारी मंडळी चाळीचा जिना चढायला तयार नव्हती. जी येत राहिली त्यांची नावं सांगायलाच पाहिजेत. सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण आणि ओम प्रकाश. यातले पहिले दोघं ‘अलबेला’चे शिलेदार.

दादांनी काम सोडलं नाही. मिळेल तो रोल घेतला. कधी हवालदार, कधी बेवडा, कधी घोळक्यात दोन मिनिटं नाचून जाणारा म्हातारा. ज्यांनी त्यांची स्टेप उचलली होती, त्यांच्याच सिनेमात ते कोपऱ्यात उभे दिसायचे. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या राहत्या घरी हार्ट अटॅकनं ते गेले. वय अठ्ठ्याऐंशी.

२०१६ मध्ये शेखर सरतांडेल यांनी त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी सिनेमा काढला. मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली. नव्या पोरांना दादा कळले ते बरेचसे यामुळंच.

त्यांचे ‘अलबेला’च्या आधीचे स्टंटपट, पासष्ट हजारांत उरकलेले, गिरणी कामगारांनी शिट्ट्या मारत बघितलेले, आज बघायला मिळत नाहीत. गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत त्यांच्या निगेटिव्ह जळाल्या. डायरेक्टर भगवान बघायचा असेल तर यूट्यूबवर ‘अलबेला’ आहे, तो पूर्ण बघा. गाण्यांच्या मधलाही.