शाई, वाळू आणि हिरा : चंद्रशेखर वेंकट रामन

मृदंगाच्या उजव्या तोंडावर मधोमध काळ्या शाईचे वर्तुळ असते. कारागीर ती एकदम थापत नाही. लेपावर लेप चढवीत, प्रत्येक थर घोटीत, तो शाई मध्यभागी जाड आणि कडेला पातळ करीत जातो. पिढ्यान्‌पिढ्या हे काम केवळ कानाच्या साक्षीने चालत आले. त्यामागील भौतिकशास्त्र उलगडून दाखविले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील भौतिकशास्त्र व गणिताचे अध्यापक आणि संगीताचे जाणकार होते. पुढे रामन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. आज पेरुंगुडीच्याही पलीकडे पसरलेल्या त्या शहरात, समुद्रासमोरच्या प्रयोगशाळेत, त्यांना प्रकाशाच्या पट्ट्यांमधील एक असममिती दिसली. त्यावरील त्यांचा पहिला शोधनिबंध १९०६ मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला.

१९०७ मध्ये ते वित्त खात्यात अधिकारी झाले. कचेरीपूर्वीचा आणि नंतरचा वेळ मात्र कलकत्त्याच्या बहुबाजार रस्त्यावरील विज्ञानसंस्थेत जाई. व्हायोलिन, वीणा, तंबोरा यांबरोबरच मृदंग व तबला हे त्यांच्या अभ्यासाचे विषय झाले.

सर्वत्र सारख्या जाडीचे गोल कातडे वाजविले, की त्याच्या उपस्वरांचे मूळ स्वराशी पूर्णांकी नाते जुळत नाही; पहिला उपस्वर सुमारे १.५९ पट उंच असतो. म्हणून चर्मवाद्ये सुरेल नसतात, असे पाश्चात्त्य ध्वनिशास्त्र मानीत असे. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ नियतकालिकात आणि पुढे १९३४ च्या विस्तृत निबंधात रामन यांनी भारतीय वाद्यांचा अपवाद सिद्ध केला. शाईच्या भारामुळे कंपने एक, दोन, तीन, चार, पाच या प्रमाणात येतात. पुडीवर वाळू भुरभुरली, की ती कंप नसलेल्या रेषांवर गोळा होते आणि व्यासांच्या व वर्तुळांच्या सममित आकृत्या उमटतात. कानाला जो सूर वाटतो, तीच डोळ्यांना रांगोळी दिसते. अनामिक कारागिरांच्या बुद्धीला मिळालेली ही विज्ञानाची मानवंदना होती.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी घोषित झालेल्या ‘रामन परिणामा’तही हाच धागा आहे. रेणूने विखुरलेल्या प्रकाशात त्याची कोणती कंपने प्रकट होतील, हे त्या रेणूच्या सममितीवर ठरते. या शोधासाठी १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३३ पासून रामन बंगळूरला होते. तेथे हिऱ्याने त्यांना मोहिनी घातली. त्यांनी शेकडो हिरे तपासले आणि हिऱ्याच्या अणुरचनेचे सममितीनुसार चार प्रकार मांडले. हे मत शास्त्रज्ञांना मान्य झाले नाही. स्फटिकांच्या कंपनांविषयी माक्स बॉर्न यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ वादातही काळाने कौल बॉर्न यांच्या बाजूने दिला. रामन मात्र आपल्या मतापासून हटले नाहीत. सौंदर्य वाट दाखविते. पण निवाडा अखेर प्रयोगच करतो, हे त्यांच्या या प्रमादातूनही शिकता येते.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. मृदंगावर थाप पडते तेव्हा शाईखालचे कातडे आजही त्याच नियमाने कंप पावते. तो नियम कारागिराने बोटांनी जाणला होता, रामन यांनी तो वाळूत डोळ्यांना दाखविला.